विश्लेषण : एड्समुळे शाळेने नाकारलेल्या रायन व्हाइटने अमेरिकेला काय शिकवले?

एचआयव्हीची लागण झालेले मूल वर्गात बसले तर बाकीच्या मुलांना धोका असतो का, या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर १९८५ मध्येच मिळाले होते. धोका नसतो, असे ते उत्तर होते. तरीही अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका १३ वर्षांच्या मुलाला शाळेत परतण्यासाठी अनेक महिने लढावे लागले. शाळेत बसण्याची परवानगी मिळाल्यावर ते गावही सोडावे लागले. रायन व्हाइट हे त्याचे नाव. तो अवघी १८ वर्षे जगला. पण एड्सग्रस्तांच्या उपचारासाठी अमेरिकेत आजही चालणाऱ्या सर्वात मोठ्या सरकारी कार्यक्रमाला त्याचे नाव आहे. त्याच्या आयुष्यात नेमके काय घडले, दोन शाळा एकाच मुलाशी इतक्या वेगळ्या कशा वागल्या आणि महाराष्ट्रातील शाळांनी त्यातून काय घ्यावे, याविषयी...

रायन व्हाइट कोण होता?

रायनचा जन्म ६ डिसेंबर १९७१ रोजी इंडियानातील कोकोमो या शहरात झाला. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांवर जगणारे हे कामगारांचे शहर. रायनची आई जीन याही तिथल्या अशाच एका कारखान्यात कामाला होत्या. जन्मानंतर काही दिवसांतच बाळाचे रक्त थांबत नसल्याचे लक्षात आले आणि त्याला गंभीर स्वरूपाचा हिमोफिलिया असल्याचे निदान झाले. रक्त गोठवणारा एक घटक शरीरात तयार होत नसल्याने होणारा हा आनुवंशिक आजार. अशा मुलाला साधे खरचटले तरी घरच्यांच्या पोटात गोळा येतो. बाहेरच्या जखमेपेक्षाही सांध्यांत आणि आत होणारा रक्तस्राव अधिक त्रासदायक असतो.

पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला. रायन आणि त्याची धाकटी बहीण अँड्रिया आईकडे वाढले. आजार असला तरी रायन घरात बसून राहणारा मुलगा नव्हता. तो शाळेत जाई आणि घरोघरी वर्तमानपत्रेही टाकी.

औषधातून विषाणू कसा आला?

हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी १९७० च्या दशकात फॅक्टर आठ हे औषध मोठा दिलासा ठरले होते. रक्तातील जो घटक रुग्णाच्या शरीरात नसतो तोच घटक दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळा काढून, सुकवून, इंजेक्शनवाटे देता येऊ लागला. त्यामुळे रुग्णालयातील फेऱ्या कमी झाल्या. रायनही हे औषध नियमित घेत असे.

अडचण औषध तयार करण्याच्या पद्धतीत होती. एका खेपेसाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जाई. त्यातील एक दाता जरी बाधित असेल तरी संपूर्ण खेप दूषित होण्याची शक्यता होती. दान केलेले रक्त तपासणारी एचआयव्हीची चाचणी तेव्हा उपलब्ध नव्हती. अशा पहिल्या चाचणीला अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये परवानगी मिळाली. औषध तापवून विषाणू निष्क्रिय करण्याची पद्धतही त्याच सुमारास रूढ झाली. तोपर्यंत अमेरिकेतील हिमोफिलियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झालेली होती. गंभीर हिमोफिलिया असणाऱ्यांत हे प्रमाण आणखी जास्त होते.

डिसेंबर १९८४ मध्ये रायनला न्यूमोनिया झाला. इंडियानापोलिस येथील रायली बाल रुग्णालयात त्याच्या फुप्फुसाचा भाग काढून तपासण्यात आला आणि १७ डिसेंबर रोजी एड्सचे निदान झाले. नुकतीच त्याला १३ वर्षे पूर्ण झाली होती. तो जेमतेम सहा महिने जगेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. त्यावेळी एचआयव्हीवर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते.

शाळेने प्रवेश का नाकारला?

डॉक्टरांचा अंदाज चुकला. १९८५ च्या वसंतात रायनला बरे वाटू लागले आणि त्याने शाळेत जाण्याचा हट्ट धरला. रशियाव्हिल येथील वेस्टर्न मिडल स्कूल ही त्याची शाळा. ३० जून १९८५ रोजी कुटुंबाने त्याला पुन्हा शाळेत घेण्याची रीतसर विनंती केली. शाळा प्रशासनाने ती फेटाळली.

शाळेवर दबावही होता. सुमारे ३६० विद्यार्थ्यांच्या या शाळेतील ११७ पालकांनी आणि ५० शिक्षकांनी रायनला वर्गात घेऊ नये, अशा अर्जावर सह्या केल्या. हे सारे दुष्ट लोक होते असे समजण्याचे कारण नाही. एड्सची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात जून १९८१ मध्ये झाली होती. म्हणजे हा आजार जगाला माहीत होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. त्यावर उपाय नव्हता आणि मृत्यू अटळ मानला जाई. आपल्या लेकराच्या बाबतीत एक टक्काही जोखीम नको, असे आईबापांना वाटणे समजण्यासारखे होते. प्रश्न होता तो जोखीम खरोखर किती आहे हे कोणी सांगायचे याचा.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले तेव्हा रायनसाठी शाळेने टेलिफोनची सोय केली. वर्गात एक यंत्र ठेवले आणि रायनने घरी बसून तास ऐकायचे, असे ठरले. २६ ऑगस्ट १९८५ रोजी तो अशा रीतीने सातवीच्या वर्गात हजर झाला. आवाज धड ऐकू येत नसे, फळा दिसत नसे, शेजारी मित्र नसे. करोनाकाळात मोबाइलवर शाळा भरलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना याची कल्पना सहज येईल. फरक एवढाच, की रायनच्या वर्गातील बाकी सारी मुले शाळेत होती.

वैद्यकीय माहिती काय सांगत होती?

शास्त्रज्ञांचे या प्रश्नावर बऱ्यापैकी एकमत झालेले होते. इंडियानाचे आरोग्य आयुक्त डॉ. वुड्रो मायर्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या रुग्णांवर उपचार केले होते. रायनपासून इतर विद्यार्थ्यांना धोका नाही, असे त्यांनी शाळेला सांगितले. राज्याच्या आरोग्य मंडळाने बाधित मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे, याच्या मार्गदर्शक सूचनाही तयार केल्या.

रायनचा टेलिफोनवरचा वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यात, ३० ऑगस्ट १९८५ रोजी, सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने देशभरासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. शाळकरी वयाच्या बहुतेक बाधित मुलांना नेहमीच्या वर्गात बसू द्यावे, प्रत्येक मुलाचा निर्णय डॉक्टर, आरोग्य अधिकारी, पालक आणि शाळा यांनी मिळून घ्यावा, मुलाच्या आजाराची माहिती कमीत कमी लोकांना द्यावी आणि शाळाप्रवेशासाठी सरसकट चाचण्या करू नयेत, असा त्यांचा आशय होता. अगदी लहान किंवा चावण्याची सवय असलेल्या मुलांबाबत अधिक सावध राहण्याची सूचनाही त्यात होती.

फेब्रुवारी १९८६ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एड्सच्या रुग्णांसोबत किमान तीन महिने एकाच घरात राहिलेल्या १०१ जणांची त्यात तपासणी होती. हे लोक रुग्णांबरोबर एकाच स्वयंपाकघरात जेवले, तीच भांडी वापरली, तेच स्नानगृह वापरले. अशा सहवासातून लागण होण्याचा धोका जवळपास नसल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. घरात एकत्र राहून जो विषाणू पसरत नाही तो वर्गात बाकावर शेजारी बसून कसा पसरेल, हा साधा तर्क होता. पण कोकोमोत तो पालकांना पटेना. आज नाही म्हणणारे डॉक्टर उद्या वेगळे सांगतील, अशी शंका त्यांच्या मनात घर करून होती. शंभर टक्के खात्री द्या, अशी त्यांची मागणी होती आणि विज्ञान सहसा त्या भाषेत बोलत नाही.

कायदेशीर लढाई कशी झाली?

ऑगस्ट १९८५ मध्ये कुटुंबाने केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. आधी प्रशासकीय अपिलांचा मार्ग पूर्ण करा, असे न्यायालयाने सांगितले. २५ नोव्हेंबर रोजी राज्याच्या शिक्षण विभागाच्या सुनावणी अधिकाऱ्याने रायनच्या बाजूने निर्णय दिला. शाळेने आरोग्य मंडळाच्या सूचना पाळाव्यात आणि रायनला वर्गात घ्यावे, असा हा निर्णय होता. शाळेने अपील केले. अखेर काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याने १३ फेब्रुवारी १९८६ रोजी रायन शाळेत येण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र दिले.

२१ फेब्रुवारीला रायन शाळेत गेला. त्या दिवशी ३६० पैकी १५१ विद्यार्थी घरी राहिले. दुपारी पालकांच्या एका गटाने स्थानिक न्यायाधीशाकडून मनाई हुकूम मिळविला आणि एका दिवसातच रायनची शाळा पुन्हा सुटली. १० एप्रिल १९८६ रोजी दुसऱ्या न्यायाधीशाने तो हुकूम उठविला. त्यानंतर रायन कायमचा शाळेत परतला. काही पालकांनी आपली मुले काढून त्यांच्यासाठी वेगळी शाळा सुरू केली. जुलैमध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने पुढील दाद ऐकण्यास नकार दिला आणि खटला संपला.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्षयरोग झालेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. संसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तीलाही अपंगत्वाविषयीच्या भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण मिळू शकते आणि निर्णय भीतीवर नव्हे तर वैद्यकीय माहितीवर घ्यावा, हे त्यातून स्पष्ट झाले. एचआयव्हीबाधित मुलांच्या नंतरच्या खटल्यांना त्याचा आधार मिळाला.

प्रवेश मिळाला, पण पुढे काय?

न्यायालयाने शाळेचे दार उघडले, पण लोकांची मने तशीच राहिली. पालकांची भीती कमी व्हावी म्हणून रायनच्या कुटुंबाने काही अटी मान्य केल्या होत्या. त्याने वेगळे स्वच्छतागृह वापरायचे, जेवताना वापरून फेकण्याच्या ताटल्या-चमचे घ्यायचे आणि व्यायामाच्या तासाला बसायचे नाही. वैद्यकीयदृष्ट्या यातील कशाचीच गरज नव्हती. उलट या अटींमुळेच इतर मुलांच्या मनात पक्के बसले, की याला खरोखरच जपून राहिले पाहिजे. भीती घालविण्यासाठी केलेल्या तडजोडीने भीतीवर शिक्कामोर्तब केले.

१९८६-८७ चे आठवीचे वर्ष त्याने कोकोमोत काढले. मित्र फारसे उरले नव्हते. रस्त्यात शेरेबाजी होई. तो भाजीवर थुंकतो, मुलांना चावण्याची धमकी देतो, अशा अफवा पसरल्या. चर्चमध्ये शेजारचे लोक हात मिळवीनात. तो ज्यांच्याकडे पेपर टाकत असे त्यांच्यापैकी अनेकांनी पेपर बंद केला. छापील कागदातून विषाणू येईल, अशी त्यांना भीती वाटत होती. कुटुंबाची बाजू घेणाऱ्यांनाही धमक्या आल्या. आणि एके दिवशी घराच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. त्यावेळी घरात कोणी नव्हते. जीन यांनी शाळेचे वर्ष संपताच शहर सोडण्याचा निर्णय घेतला.

दुसऱ्या शाळेने वेगळे काय केले?

कोकोमोपासून फार दूर नसलेल्या सिसेरो या लहान गावात कुटुंब राहायला गेले. गायक एल्टन जॉन यांनी घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी १६ हजार ५०० डॉलर उसने दिले. पुढे ते परत घेण्याऐवजी त्यांनी अँड्रियाच्या शिक्षणासाठी ठेवले.

३१ ऑगस्ट १९८७ रोजी रायन आर्केडिया येथील हॅमिल्टन हाइट्स हायस्कूलमध्ये दाखल झाला. दारात मुख्याध्यापक टोनी कुक, शाळा अधीक्षक आणि काही विद्यार्थी त्याचे हस्तांदोलन करून स्वागत करायला उभे होते. हा योगायोग नव्हता. रायन येणार हे कळल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेने तयारी केली होती. मुख्याध्यापकांनी स्वतः एड्सविषयी वाचन केले. आरोग्य विभागाच्या तज्ज्ञांना शाळेत बोलावले. विद्यार्थी प्रतिनिधींना आधी सगळी माहिती दिली आणि त्यांनी ती इतर मुलांपर्यंत नेली. शंका असलेल्या मुलांशी आणि पालकांशी बोलण्याची सोय केली. मुलांनी घरी जाऊन आईबापांना समजावले. पालकांना मुले आणि मुलांना शाळा शहाणे करीत गेली.

या शाळेत रायनसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते की वेगळी ताटली नव्हती. तो मुलांबरोबर जेवू लागला, त्याची गुणवत्ता यादीत वर्णी लागली, त्याला मित्र मिळाले. कोकोमो आणि सिसेरो ही एकाच राज्यातील, सारख्याच वळणाची ठिकाणे. माणसे फार वेगळी नव्हती. फरक पडला तो शाळेने कोणती भूमिका घेतली याने. एका शाळेने पालकांच्या भीतीमागे जाण्याचे ठरविले, दुसरीने त्या भीतीच्या आधी पोहोचण्याचे.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे त्याच आठवड्यात देशाने पाहिले. फ्लोरिडा राज्यातही आर्केडिया नावाचे एक गाव आहे. तिथे हिमोफिलिया असलेल्या आणि एचआयव्हीची लागण झालेल्या तीन सख्ख्या भावांना न्यायालयाच्या आदेशाने शाळेत घेतले गेले होते. गावात बहिष्कार आणि धमक्या सुरू झाल्या. २८ ऑगस्ट १९८७ रोजी त्यांचे घर आगीत जळाले आणि कुटुंबाने गाव सोडले. तीनच दिवसांनी इंडियानाच्या आर्केडियात रायनचे हात मिळवून स्वागत झाले.

रायन देशभर कसा पोहोचला?

शाळेच्या खटल्यामुळे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे रायनच्या घरापर्यंत आले होते. शांतपणे, न चिडता बोलणारा हा किडकिडीत मुलगा लोकांच्या लक्षात राहिला. मायकल जॅक्सन यांच्याशी त्याची मैत्री झाली आणि त्यांनी त्याला लाल रंगाची मोटार भेट दिली. डायव्हिंगपटू ग्रेग लुगानिस यांनी त्याला आपले पदक दिले. मार्च १९८८ मध्ये रायनने एचआयव्हीविषयीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आयोगापुढे साक्ष दिली. त्यात त्याने कोकोमो आणि सिसेरो येथील आपले दोन अनुभव समोरासमोर ठेवले आणि शिक्षणाने काय होऊ शकते ते दाखविले. जानेवारी १९८९ मध्ये त्याच्या आयुष्यावरील दूरचित्रवाणीपट प्रसारित झाला. त्यात रायनने स्वतः छोटी भूमिका केली.

सरकारी धोरणही याच काळात बदलत होते. अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी ऑक्टोबर १९८६ मध्ये एड्सवर अहवाल दिला. शाळेत लहान वयापासून लैंगिकता आणि एड्सविषयी शिक्षण द्यावे, अशी शिफारस त्यात होती. कूप हे वैयक्तिक मतांनी परंपरावादी होते. त्यामुळे त्यांच्याच पक्षातील अनेकांना धक्का बसला. १९८८ मध्ये एड्सची माहिती देणारी पुस्तिका देशातील सुमारे १० कोटी ७० लाख घरांत टपालाने पाठविण्यात आली.

निष्पाप बळी म्हणण्याला आक्षेप का?

रायनला मिळालेल्या सहानुभूतीला एक काळी बाजू होती. माध्यमे त्याला एड्सचा निष्पाप बळी म्हणत. या शब्दांतून न बोलता सांगितले जाई, की समलिंगी पुरुष, व्यसनी किंवा इतर बाधित हे दोषी आहेत आणि त्यांच्या वाट्याला आले ते त्यांच्या कर्माचे फळ. अमेरिकेत एड्सने मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या समलिंगी पुरुषांची होती आणि त्यांच्या मृत्यूंकडे सरकारने व समाजाने दीर्घकाळ काणाडोळा केला होता.

रायन आणि जीन यांनी हा भेद कधी मान्य केला नाही. आपण एड्सच्या इतर कोणत्याही रुग्णासारखेच आहोत, लागण कशी झाली याला महत्त्व नाही, अशी रायनची भूमिका होती. लागण कशी झाली हे विचारून मगच दया दाखवायची की नाही ते ठरविणारा समाज लोकांना चाचणीपासून दूर ढकलतो. जो चाचणी करीत नाही, त्याला उपचार मिळत नाहीत आणि संसर्ग पुढे जात राहतो. त्यामुळे हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

मृत्यूनंतर कोणता कायदा झाला?

मार्च १९९० च्या अखेरीस श्वसनमार्गाच्या संसर्गाने रायनला रायली रुग्णालयात दाखल करावे लागले. ८ एप्रिल १९९० रोजी त्याचे निधन झाले. शालान्त पदवी हाती यायला महिना-दोन महिने उरले होते. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा तो सुमारे पाच वर्षे अधिक जगला होता. इंडियानापोलिस येथील अंत्यविधीला दीड हजारांहून अधिक लोक आले. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश, मायकल जॅक्सन आणि एल्टन जॉन होते. सिसेरोच्या दफनभूमीत त्याला निरोप देण्यात आला. पुढील वर्षभरात त्याच्या थडग्याची अनेकदा नासधूस झाली. द्वेष मृत्यूपाशीही थांबला नव्हता.

एड्सच्या रुग्णांना उपचार देण्यासाठीचे एक विधेयक तेव्हा अमेरिकी संसदेपुढे होते. टेड केनेडी आणि ओरिन हॅच या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी ते मांडले होते. त्याला रायनचे नाव देण्यात आले. मुलाच्या मृत्यूला काही दिवस झाले असतानाच जीन वॉशिंग्टनला गेल्या आणि एकेका सिनेटरला भेटून पाठिंबा मागू लागल्या. ऑगस्ट १९९० मध्ये हा कायदा झाला. ज्यांच्याकडे विमा नाही किंवा अपुरा आहे, अशा एचआयव्हीबाधितांना डॉक्टर, औषधे आणि आधारसेवा मिळाव्यात यासाठी राज्यांना, शहरांना आणि दवाखान्यांना निधी देणे हे त्याचे सूत्र. कायद्याचे अनेकदा नूतनीकरण झाले. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक निदान झालेल्या बाधितांना, म्हणजे पाच लाखांहून जास्त लोकांना, या कार्यक्रमाचा लाभ मिळतो. रुग्णाला लागण कशी झाली, हे तिथे विचारले जात नाही. रायनचा आग्रह असा धोरणात उतरला.

भारतात काय घडले?

रायन कोकोमोत खटला लढत होता त्याच १९८६ मध्ये भारतातील एचआयव्हीची पहिली प्रकरणे चेन्नईत उजेडात आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी एड्ससाठीचे संशोधन व उपचार केंद्र उभारले. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला बाधित आढळल्याने कायद्याचा आधार घेऊन ६४ दिवस सक्तीने डांबून ठेवण्यात आले. भीतीने घेतलेले निर्णय इथेही वेगळे नव्हते.

शाळांतही तेच घडले. २००३ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात एड्सने आईवडील गमावलेल्या दोन भावंडांना पालकांच्या विरोधामुळे शाळा मिळेना. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एचआयव्हीबाधित मुले गावच्या शाळेत येऊ लागल्यावर ग्रामस्थांनी आपली मुले पाठविणे थांबविले. प्रशासनाला मध्ये पडावे लागले. कोकोमोनंतर दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता, आणि पालकांचे प्रश्न मात्र तेच होते.

प्रतिबंधाच्या शिक्षणाची वाटही सोपी नव्हती. केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला २००७ मध्ये अनेक राज्यांत विरोध झाला. महाराष्ट्रातही आमदारांनी विधिमंडळात आक्षेप घेतले आणि कार्यक्रम थांबविण्यात आला. चित्रे आणि मजकूर आपल्या संस्कृतीला धरून नाहीत, असे कारण होते. परिणामी संसर्ग कसा होतो हे मुलांना कोण सांगणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

आजचा कायदा शाळांना काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणे, काढून टाकणे किंवा वेगळी वागणूक देणे बेकायदा आहे. बाधितांसोबत राहणाऱ्यांनाही, म्हणजे आईवडील बाधित असलेल्या निरोगी मुलालाही, हे संरक्षण आहे. प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. एखाद्याची बाधा त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारींसाठी राज्यांनी लोकपाल नेमायचे आहेत.

मात्र शाळेचा रोजचा व्यवहार कायद्याच्या कलमांपेक्षा काही साध्या गोष्टींवर चालतो. एचआयव्ही असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित आईकडून बाळाला, या मार्गांनी पसरतो. डबा वाटून खाण्याने, एकाच नळाचे पाणी पिण्याने, खोकला, घाम, अश्रू किंवा डासांमुळे तो पसरत नाही. खेळताना कोणतेही मूल पडले आणि रक्त आले तर हातमोजे घालून जखम साफ करावी आणि जागा जंतुनाशकाने पुसावी. हा नियम सर्व मुलांसाठी सारखाच पाळला तर कोणाला एचआयव्ही आहे हे शिक्षकांना माहीत असण्याची गरजच उरत नाही.

औषधांनी चित्र पूर्ण बदलले आहे. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेणारे मूल शिकते, खेळते, मोठे होऊन संसार करते. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातूनही लागण पुढे जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. माहिती, चाचणी किंवा तक्रारीबाबत मार्गदर्शन हवे असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन उपलब्ध आहे.

औषधांचा हा काळ पाहायला रायन उरला नाही. प्रभावी संयुक्त उपचारपद्धती त्याच्या मृत्यूनंतर साधारण सहा वर्षांनी आली. त्याच्या हयातीत त्याला देता येण्यासारखी एक गोष्ट मात्र तेव्हाही उपलब्ध होती, ती म्हणजे वर्गातील एक बाक. त्यासाठी ना औषध लागत होते ना पैसा. हॅमिल्टन हाइट्सने ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करून दाखविले. एखाद्या गावात उद्या असाच प्रश्न उभा राहिला तर पालकसभा बोलावण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी काय तयारी केली आहे, यावरच त्या मुलाचे शिक्षण अवलंबून असेल.